रनिंग किती?

७ जानेवारी, मंगळवार. रनिंग २७४ किलोमीटर.

ही वही दादाच्या हुकमाने सुरू झाली आहे. परवा शोरूममध्ये दीपेश सेल्समनने विचारलं, "सर, आपकी रनिंग कितनी है?" आणि मला सांगता येईना. माझं धारला चष्म्याचं दुकान आहे. 'जवळचं दिसत नाही की लांबचं?' असं विचारल्यावर गिऱ्हाईक जसं बघत राहतं, तसा मी दीपेशकडे बघत राहिलो.

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "अंबू, महिनाभर रोजचं रनिंग लिही. डिझेल घ्यायची की पेट्रोल, ते वही सांगेल. सेल्समन क्या बताएगा भिया, उसको तो टारगेट पूरा करना है."

दादाची, म्हणजे शरच्चंद्रची, तीस वर्षं देवासच्या कारखान्यात डिझेल जनरेटर सांभाळण्यात गेली. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतो. स्वतःच्या मूत्रपिंडांनी मात्र काही आवाज न करता दगा दिला, त्याला आता आठ महिने झाले. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहाटे धारहून निघून देवासला जातो, त्याला घेऊन इंदूरच्या हॉस्पिटलात, चार तास डायलिसिसचं मशीन, परत देवास, परत धार. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. धारला येऊन राहा म्हटलं तर ऐकत नाही. सकाळी खिडकीतून देवासची देवीची टेकडी दिसल्याशिवाय त्याचा चहा घशाखाली उतरत नाही.

आमची जुनी गाडी तेरा वर्षांची आहे. घाटाबिल्लोदच्या पुढे कधी कधी तापते. दादा शेजारी असताना ती बंद पडली तर, या विचाराने मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरतो की हात दुखतात.

वही मराठीत लिहितो आहे. माझी मुलगी चिऊ अकरा वर्षांची, मराठी बोलते तीही निम्मी हिंदी, वाचायला बसवली की घाम फुटतो. बायकोला, देवश्रीला, वाचता येतं, पण ती दुसऱ्याचं वाचत नाही. तेव्हा कुलूप लागलंच आहे.

१० जानेवारी, शुक्रवार. २७६.

मशीनवर असताना दादाने विचारलं, "रिपोर्ट आला का रे?"

म्हटलं, अजून नाही. ते खरंच होतं.

डिसेंबरात माझं रक्त घेतलं आहे. डॉक्टर म्हणाले होते, सख्ख्या भावाचं मूत्रपिंड मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही, मशीन सुटेल. दादाने मला कधी मागितलं नाही. मीच आपण होऊन हात पुढे केला, नर्सने सुई टोचली आणि मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. तेव्हापासून रोज वाटतं की रिपोर्ट येऊच नये.

इथे लिहून टाकतो. आप्पा, आमचे वडील, हर्नियाच्या ऑपरेशनला चालत गेले होते. जाताना मला म्हणाले, संध्याकाळी दुकान वेळेवर बंद कर. परत आलेच नाहीत. तेव्हा ते एकोणपन्नास वर्षांचे होते, मी एकोणीसचा. आज मी एकोणपन्नासचा आहे. मी भितो. एवढंच आहे, याला दुसरं नाव नाही.

१२ जानेवारी, रविवार. २०५.

आज गाडी चालवून पाहिली. दीपेश देवासच्या शाखेतून गाडी घेऊन दादाच्या दारातच आला. बाहेरून दिसायला चार माणसांची साधी छोटी गाडी, आत मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन. "सर, इसको बोलते हैं हॉट हैच," दीपेश म्हणाला.

चिऊने विचारलं, "हॉट मतलब गरम होती है? अपनी पुरानी जैसी?"

"गरम नव्हे गं, तिखट," दादा मागून म्हणाला. तेव्हापासून घरात तिचं नाव तिखट गाडी पडलं आहे.

बायपासला लागल्यावर दादा म्हणाला, दुसऱ्यात टाक आणि दाब. मी दाबली. पाठ सीटला चिकटली. मला भीती वाटली, पण दादा हसला. तोंडभर हसला. मशीन लागल्यापासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. "हे बघ, हा टॉर्क. पेट्रोलला हा झटका देता येत नाही." मग डोळे मिटून नुसता इंजिन ऐकत बसला.

परतताना ठरवलंच होतं की हीच घ्यायची, डिझेलच घ्यायची, लाल घ्यायची. दादाला दर आठवड्याला दोनदा या गाडीत बसवायचं. भावासाठी याहून जास्त कोण काय करतो?

१६ जानेवारी, गुरुवार.

आज गाडी काढली नाही. रिपोर्ट आला. जुळलं.

१७ जानेवारी, शुक्रवार. २७५.

दादा मशीनवर गेल्यावर डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ब्लड ग्रुप, बाकीचं सगळं, जितकं जुळायला हवं त्याहून जास्त जुळतं आहे म्हणाले. पुढच्या तपासण्या, कागदपत्रं, समिती, दोनेक महिने लागतील. "आप हां बोलो तो शुरू करें." मग त्यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की मला नको असेल तर तेही चालतं. पेशंटला ते फक्त एवढंच सांगतील की जमत नाही. कारण सांगणार नाहीत. विचार करायला वेळ घ्या.

डॉक्टर चांगले आहेत. पळून जायचं दार इतकं हळू उघडून दिलं नसतं तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर दादाने विचारलं, "आला का?"

"लॅबमध्ये अडकलाय," मी म्हणालो.

"सरकारी काम नाही ना रे, प्रायव्हेट आहे," तो म्हणाला आणि मशीननंतर येते तशी गुंगी येऊन झोपला. क्षिप्रेचा पूल येईपर्यंत मी वळून त्याच्याकडे पाहिलं नाही.

रिपोर्ट गाडीच्या ब्रोशरच्या पाकिटात ठेवला आहे. दुकानात नोकर उचकतात, कपाटात देवश्रीच्या साड्या असतात. पाकीट कोण उघडतं?

२१ जानेवारी, मंगळवार. २७८.

डोक्यात नुसत्या गाडीच्या वस्तू फिरत आहेत. सोळा इंचांची चाकं की सतरा? सतराची दिसायला देखणी, पण देवासच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांत दणके बसतील आणि मशीननंतर दादाला मळमळतं. म्हणून सोळा. स्टेपनी मिळते की नुसता पंक्चरचा डबा? डबा नको. सनरूफ चिऊला हवं आहे, देवश्रीला नको, मला काहीच वाटत नाही. दुकानात मी दिवसभर लोकांना विचारतो, ही काच की ती, हे कोटिंग की ते, आणि पाच मिनिटांत ठरवलं नाही तर मनात चरफडतो. आता कळलं की ते काचा निवडत नसतात, नंबर वाढल्याचं पचवत असतात.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "डीज़ल मत लेना भिया, दिल्ली में दस साल में बाहर कर देते हैं." मला धक्काच बसला. दहा वर्षं. दादा दहा वर्षं मशीनवर राहील का? मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्या माणसाला चष्म्याची डबी फुकट दिली.

दादाने आज डिझेलचा एक दोष सांगितला. नवीन डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळीची जाळी असते. गाडी लांब पळत राहिली तर ती आपोआप जळून साफ होते. गावातल्या गावात फिरवली तर चोक होते. "म्हणजे रोग्याला रोज दवाखान्यात नेणाऱ्यालाच परवडते बघ," तो म्हणाला. "माझ्यासारखा पेशंट घरात हवा."

मी हसलो. मग म्हणाला, "मी बरा झालो तर ही गाडी तुला डोकेदुखी होईल." मी हसायचं थांबलो, पण तेव्हा मशीनचा आवाज झाला आणि नर्स आली.

२६ जानेवारी, रविवार. १२.

देवश्रीला काय झालं आहे कळत नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तिने गाडीच्या बाबतीत कधी तोंड घातलं नाही. आज चहा घेताना म्हणाली, "ब्रोशर पाहिलं मी. पेट्रोलमध्ये ऑटोमॅटिक आहे, डिझेलमध्ये नाही."

म्हटलं, हो, पण आपलं रनिंग बघ.

"पेट्रोल ऑटोमॅटिक घ्या. क्लचच्या गाडीवर मला दोन महिने रोज इंदूर जमायचं नाही."

"कुठले दोन महिने?"

"असेच. लागतात कधी."

मग ती उठून आत गेली. मागाहून ऐकलं, ती देवासला फोनवर दादाला विचारत होती, "भावोजी, तुम्हाला मऊ खिचडी कुठली आवडते, मुगाची की मसुराची?" त्याला मूग, डाळी सगळं मोजून असतं, तिला माहीत आहे. मग कशाला विचारायचं?

शिवाय आज सकाळी तिने जुनी गाडी काढली आणि तिरल्याच्या रस्त्यावर एकटी बारा किलोमीटर फिरून आली. लायसन्स काढून आठ वर्षं झाली, चौथ्यांदा चालवली असेल. मला वाटतं, तिला डिझेलचा आवाज सहन होत नाही आणि सरळ सांगवत नाही. दीपेशला विचारलं पाहिजे, आवाज किती आत येतो.

२९ जानेवारी, बुधवार. १८.

दुकानातून जेवायला आलो तर चिऊ माझ्या टेबलाशी. हातात ही वही.

"बाबा, मोठ्या काकांचा फोन आला होता. रनिंग पूछ रहे थे. म्हणाले, बाबांची वही आण आणि नंबर वाच. मी पढ़के सांगितली, सारी तारखें."

मी वही हातात घेतली. "फक्त नंबर?"

"नंबरच. बाकी आपका राइटिंग इतका गंदा आहे." थोडं थांबून तिने विचारलं, "बाबा, ळ कसा बोलायचा? हिंदीत नाहीये ना. मी उसको ड बोलते."

मी तिला जीभ वर वळवून दाखवली. तिने चार वेळा केलं, पाचव्यांदा जमलं. मी जेवलो. कुलूप शाबूत आहे. तरीही उद्यापासून वही दुकानात ठेवतो.

३१ जानेवारी, शुक्रवार. २७४.

आज एक ओझं उतरलं.

मशीन सुरू झाल्यावर दादाने मला जवळ बसवलं. नेहमी तो मोबाईलवर ट्रकच्या इंजिनांचे व्हिडिओ बघत पडलेला असतो. आज मोबाईल पालथा होता.

"अंबू, डिझेल बुक करून टाक. वाट कसली बघतोस?"

म्हटलं, रिपोर्ट येऊ दे.

"रिपोर्टचं सोड. मला वाटतंच आहे, आपलं काही जुळणार नाही." जुळणार हा शब्द त्याने जरा सावकाश म्हटला. "दोन भावांचं कुठे जुळतं रे? तुला गोड लागतं, मला तिखट." आणि हसला.

खरं सांगायला हवं होतं, पण मला त्या वेळी फारच हलकं वाटलं.

मग तो आप्पांबद्दल बोलला. इतक्या वर्षांत आम्ही कधी बोललो नव्हतो. "त्या दिवशी मी देवासला ड्यूटीवर होतो. तू एकटाच बाकड्यावर बसला होतास. एकोणीस वर्षांचा. मी पोचलो तेव्हा तू मला काय म्हणालास, आठवतं?"

मला आठवत नाही.

"म्हणालास, दुकान बंद करायचं राहिलं." त्याने सुई नसलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मशीन चालतंय ना माझं. तू आहेस ना गाडी चालवायला. बस, और क्या चाहिए. डिझेल घे. मला तो आवाज ऐकत जायचं आहे."

त्यालाच हवं आहे म्हटल्यावर मी तरी काय करणार? परत येताना शिट्टी वाजवली. घरी येऊन देवश्रीला सांगितलं, दादानेच सांगितलं डिझेल घे म्हणून. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भावोजी असंच म्हणणार." आणि थापतच राहिली.

१ फेब्रुवारी, शनिवार. १३०.

बुक केली. डिझेल, लाल, सोळा इंच, स्टेपनीसह. सनरूफ घेतलं नाही, चिऊ अर्धा दिवस बोलली नाही. दीपेश म्हणाला, "एकदम सही चॉइस सर. आपकी रनिंग में तो डीज़ल ही बनता है."

रात्रीचं जेवण गेलं नाही. गाडीचा आनंद होत असावा.

२ फेब्रुवारी, रविवार.

आजचं लिहायलाच हवं.

सकाळी दुकान उघडून बसलो होतो, गिऱ्हाईक नव्हतं. वाटलं, महिन्याच्या रनिंगची बेरीज करून बघू, आपण बरोबर ठरवलं की नाही. पहिल्या पानापासून आकडे घ्यायला लागलो. २७४, २७६, २०५. मग सोळा तारखेचं पान. त्यावर आकडा नव्हताच.

'जुळलं' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला होता. शाळेत कठीण शब्दाभोवती करायला सांगतात तसा. आणि वर, ओळीच्या मधल्या जागेत, चिऊच्या गोल अक्षरात: 'जुळलं मतलब मिल गया. मोठे काका.'

कितीतरी वेळ मी ते वाचत राहिलो. तिने सगळ्या तारखा वाचल्या. या तारखेला नंबर नव्हता म्हणून जे होतं ते वाचलं. अडली तिथे विचारलं, मोठे काका, ये क्या लिखा है, आणि त्याने तिला अर्थ सांगितला. फोनवर, शांतपणे, मास्तरासारखा. तिने लिहून घेतला. त्यानंतर दोन दिवसांनी त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला डिझेल घ्यायला सांगितलं.

मला वाटत होतं की तो मला गाडी निवडून देतो आहे. तो मला सोडवत होता. आणि मी शिट्टी वाजवत घरी आलो.

घरी जाऊन ब्रोशरचं पाकीट उघडलं. रिपोर्टाची घडी मी घातली होती तशी नव्हती. देवश्री दारात उभी होती. मी विचारलं, "कधीपासून?"

"ब्रोशर पाहिलं तेव्हापासून," ती म्हणाली. "मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल म्हणून."

"तू का नाही विचारलंस?"

"मी विचारलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असतात, नाही तर माझ्यासाठी नाही." मग म्हणाली, "भीती मलाही वाटते. पण तुम्ही दोघं झोपलेले असताना गाडी कोणीतरी चालवायला पाहिजे, एवढंच मला सुचलं."

मी तिच्यासमोर रडलो. तिने मला पाणी दिलं.

३ फेब्रुवारी, सोमवार. ९.

आधी डॉक्टरांना फोन केला. हां म्हणालो. आवाज माझाच होता.

मग दीपेशला.

"बुकिंग बदलनी है. पेट्रोल कर दो. ऑटोमैटिक."

"सर, पेट्रोल? आपकी तो रनिंग बहुत है."

"कम हो जाएगी," मी म्हणालो.

तो बिचारा गोंधळला. फायदा-तोटा समजावून सांगायला लागला. मी सगळं ऐकून घेतलं. सनरूफही टाक म्हटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. २७५.

देवासहून निघालो. जुनीच गाडी, जुनाच आवाज. टोलपर्यंत धीर झाला नाही. टोल ओलांडल्यावर म्हणालो, "दादा, रिपोर्ट आला."

"कधी?"

"सोळा तारखेला."

मी पुढे पाहत राहिलो. सांगायचं म्हणून बरंच काही पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना. शेवटी एवढंच म्हणालो, "काल डॉक्टरांना हो म्हटलं आहे. आणि मी अजून घाबरलेलोच आहे."

क्षिप्रेचा पूल आला आणि गेला. दादाने काच खाली केली, थंडी होती तरी. तोंड बाहेर केलं होतं, म्हणून मला चेहरा दिसला नाही. रुमाल मात्र त्याने दोनदा काढला. नंतर काच वर केली आणि घसा खाकरला.

"गाडी?"

"पेट्रोल. ऑटोमॅटिक."

तो मनात काहीतरी जुळवत बसला. जनरेटरचा आवाज ऐकून दुखणं शोधायचा तेव्हा असाच मान तिरकी करून बसायचा.

"पेट्रोलला तो झटका नाही रे, अंबू," तो म्हणाला. मग रुमालाची घडी घालत विचारलं, "लाल तरी ठेवलीस ना?"

"लालच आहे," मी म्हणालो.